‘मी तर कुणाला वेगळं वागवत नाही’ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात ऑफिसातल्या आणि सोसायटीतल्या भेदभावावर पत्रं भरपूर आली. बहुतेकांची सुरुवात एकच, “मी स्वतः असलं काही मानत नाही, पण...” तर त्या ‘पण’च्या पुढचं बघू.

प्रश्न : मी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहे, टीमची भरती मीच करतो. नवीन एचआर मॅडम आल्यात, त्या परवा सगळ्यांसमोर म्हणाल्या की तुमच्या टीममधे पोरं दोन-तीनच कॉलेजांची आहेत आणि आडनावं वाचली तर सगळे एकाच पेठेतले वाटतात. फार लागलं मला. मी आजवर कुणाची जात विचारलेली नाही, मेरिट बघतो आणि माणूस टीममधे फिट होईल का ते बघतो, बास. यात माझं काय चुकलं?
— एक मॅनेजर, पुणे

उत्तर : सगळ्यांसमोर बोलायला नको होतं त्यांनी, केबिनमधे बोलावून सांगता आलं असतं. पण म्हणाल्या ते खोटं नाहीये.

तुम्ही जात विचारत नाही, मान्य. आता तुमच्याच इंटरव्ह्यूची पहिली पाच मिनिटं आठवा. मूळचे कुठले, वडील काय करतात, घरी कोण कोण असतं, पुण्यात कुठे राहता. हे आपण समोरच्याला जरा मोकळं वाटावं म्हणून विचारतो हो, पण आपल्याकडे ही चार उत्तरं मिळाली आणि आडनाव रेझ्युमेवर छापलेलं असलं की आणखी विचारायचं राहतंच काय? सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीकडच्या मोठ्या कंपन्यांच्या एचआर मॅनेजरांशी बोलून २००७ मधे एक अभ्यास छापला होता. ते मॅनेजर पण हेच सांगत होते, आम्ही फक्त मेरिट बघतो, आणि त्याच दमात हेही सांगत होते की उमेदवाराची ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं. आता आईवडील शिकलेले, नोकरदार, शहरातले अशी बॅकग्राउंड आपल्या देशात कुणाकडे जास्त असणार हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्याच वर्षी सुखदेव थोरात (आपल्या अमरावतीकडचे, तेव्हा यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे चेअरमन होते) आणि पॉल अ‍ॅटवेल यांचाही अभ्यास आला. पेपरातल्या ५४८ खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण, पात्रता सारखी, बदललं फक्त नाव, म्हणजे काही नावं वरच्या जातीतली वाटणारी, काही दलित आडनावाची, काही मुस्लिम. वरच्या जातीच्या नावाला पुढचा कॉल यायची शक्यता १ धरली तर दलित नावाला ती साधारण ०.६७ निघाली आणि मुस्लिम नावाला ०.३३. इथे इंटरव्ह्यू नाही, चेहरा नाही, बोलणं नाही, नुसता कागद, आणि तो कागद बाजूला ठेवणारी माणसं पण घरी जाऊन हेच म्हणत असणार की आपण कुणाची जात विचारत नाही.

म्हणून तुम्ही माणूस चांगला की वाईट हा विषयच सोडा, त्यातून हाती काही लागत नाही. पद्धत बघा. आणि पद्धतीतली सगळ्यात मोठी गळती तुमच्या त्या ‘फिट’मधे आहे. फिट म्हणजे नक्की काय हे तुम्ही कुठे लिहून ठेवलंय का? नसणार. मग फिट म्हणजे ज्याच्याशी गप्पा पटकन रंगतात तो. बोलता बोलता पुरुषोत्तम करंडक निघाला, तुमच्याच कॉलेजात होता असं कळलं, दोघांनी राजगड केलाय, की तिथे इंटरव्ह्यू संपला आणि मग ज्या पोरानं डिप्लोमा करताना रात्री पेट्रोल पंपावर काम केलं त्याच्याशी तुमच्या गप्पा रंगत नाहीत आणि तुम्ही फॉर्मवर लिहिता ‘कम्युनिकेशन अ‍ॅव्हरेज’.

आता काय करायचं. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारायचे आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे मार्क द्यायचे, शेवटी एकूण ‘इंप्रेशन’वर नाही. हे आधी. दोघं-तिघं इंटरव्ह्यू घेत असाल तर प्रत्येकाने आपले मार्क लिहून झाल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर सिनियर म्हणाला “पोरगा शार्प आहे” की बाकीच्यांना पण तो शार्पच दिसायला लागतो. पहिली चाळणी लावताना नाव, फोटो, पत्ता, कॉलेज झाकून रेझ्युमे द्या असं एचआरला सांगा, एका एक्सेल शीटचं काम आहे ते. तासाभराचं खरं काम करायला द्या, तुमच्याच प्रॉडक्टमधला जुना बग दिला तरी चालेल. घरच्या चौकशा पूर्ण बंद, नोकरी लागल्यावर चहा पिताना काय ते विचारा. आणि रेफरलवर, म्हणजे ओळखीतला माणूस सुचवल्याबद्दल बोनस देत असाल तर त्या रेफरलने कोण आत येतंय ते एकदा बघाच, कारण माणूस आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपातल्याच माणसाला रेफर करतो.

यावर ठरलेला प्रश्न येतो, मग क्वालिटी घसरेल का? अहो, मोकळ्या गप्पांपेक्षा ठरलेल्या प्रश्नांच्या इंटरव्ह्यूवरून पुढचं काम कसं होईल याचा अंदाज जास्त बरोबर येतो, हे या विषयातल्या संशोधनात पुन्हापुन्हा दिसलंय. म्हणजे क्वालिटी हवी असेल तरी हेच करावं लागणार. आणि एक कायद्याचं. दिव्यांग, तृतीयपंथी, स्त्रिया यांच्यासाठी नोकरीत भेदभाव नको असं सांगणारे कायदे आहेत, पण खासगी भरतीत जातीवरून डावललं म्हणून सरळ दाद मागता येईल असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे तुम्हाला जाब विचारायला कुणी येणार नाहीये. त्या एचआर मॅडम आल्या, तेवढ्याच.

प्रश्न : ताई, आमच्या ऑफिसात वाढदिवसाचा केक, वर्गणी, मीटिंगचे मिनिट्स, पाहुण्यांना बुके, सगळं माझ्याकडे. आम्ही दोघीच मुली आहोत टीममधे, दुसरी सिनियर आहे. सर म्हणतात तू किती छान करतेस. नाही म्हटलं तर अ‍ॅटिट्यूड दिसेल का?
— वय २४, औरंगाबाद

उत्तर : दिसेल. खोटं कशाला सांगू. मुलगा नाही म्हणाला की तो बिझी असतो आणि मुलगी म्हणाली की तिला अ‍ॅटिट्यूड.

लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मधे यावर अमेरिकेत प्रयोग छापलेत. ज्या कामाने प्रमोशनला शून्य फायदा, पण कुणीतरी करायलाच हवं, त्या कामाला मिश्र ग्रुपात बायका पुरुषांपेक्षा जवळजवळ दीडपट वेळा पुढे येत होत्या. पण ग्रुप फक्त पुरुषांचा केला की पुरुषही गुपचूप हात वर करायला लागले! म्हणजे आवड वगैरे काही नसते, कोण करणार हे सगळ्यांनी आधीच धरून ठेवलेलं असतं.

तर नाही म्हणू नकोस, पाळी लाव. “सर, मिनिट्सची पाळी लावू या, आडनावाच्या क्रमाने, मी शीट करून ग्रुपवर टाकते.” शीट टाकायचं काम पण तूच करणार, हो, पण शेवटचं. आणि सर स्वतः त्या यादीत हवेत.

प्रश्न : माझी नऊ जणांची टीम आहे, लॉजिस्टिक्समधे. एक मुलगा हिंगोली जिल्ह्यातला, कामाला एक नंबर, रूट प्लॅनिंग त्याच्याइतकं कुणाला जमत नाही. मीटिंगमधे तो ‘आनि’, ‘पानी’ असं बोलतो, त्यावर दोघं जण हसले, एकाने नक्कल पण केली. वाईट हेतू नव्हता, सगळ्यांची चेष्टा चालतेच आमच्यात. पण तेव्हापासून तो मीटिंगमधे तोंडच उघडत नाहीये. त्याचा कॉन्फिडन्स कसा वाढवू? एखादा कोर्स लावू का?
— टीम लीडर, पुणे

उत्तर : कोर्स कुणाला लावताय? नक्कल त्याने केली नाही.

हेतू वाईट नव्हता हे असेल खरं, पण ‘सगळ्यांची चेष्टा चालते’ हे जरा तपासा. तुमच्या टीममधे एखादा सदाशिव पेठेतला असेल तर त्याच्या बोलण्याची नक्कल कुणी करतं का, आणि केली तर तो गप्प बसतो का? नाही बसत, कारण आपलं बोलणं बरोबर आणि बाकीचे चुकतात हे त्याला शाळेपासून सांगितलेलं असतं. गाडगेबाबा वऱ्हाडीत कीर्तन करायचे आणि हजारो माणसं रात्र रात्र ऐकायची, तिथे कुणी ण आणि न मोजत बसलं नव्हतं. आणि हेच पुण्यातले लोक बंगळुरूच्या किंवा परदेशातल्या क्लायंटच्या कॉलवर आपल्या इंग्रजीला कुणी हसेल म्हणून म्यूट करून बसतात, तेव्हा कसं वाटतं ते माहितीये की सगळ्यांना.

त्या दोघांशी आजच बोला, वेगवेगळं, दार लावून, दोन मिनिटं. “त्या दिवशी त्याच्या बोलण्यावर हसलात, ते मला चाललेलं नाही, परत नको.” एवढंच. भाषण नको आणि त्या दोघांना सॉरी म्हणायला लावायचा सोहळा तर अजिबात नको, त्याने त्या पोराला आणखी अवघड होतं. त्या मुलाला काय सांगायचं? “मनावर घेऊ नकोस” हे सोडून काहीही. मी तर म्हणेन की “तेव्हाच थांबवायला हवं होतं मी, राहिलं” एवढं म्हणा आणि थेट कामाचं बोला.

मग मीटिंग बदला. विषय आदल्या दिवशी पाठवा म्हणजे ज्याला पटकन बोलता येतं तोच हुशार असं होत नाही. रूट प्लॅनिंगचा विषय त्यालाच मांडायला द्या. बोलायची सुरुवात ज्युनियरपासून करा आणि तुम्ही सगळ्यात शेवटी बोला, लीडर आधी बोलला की बाकीचे नुसते माना डोलावतात, हे तुम्हीही पाहिलं असेलच. त्याची आयडिया अर्ध्या तासाने दुसऱ्या कुणी चांगल्या मराठीत (किंवा इंग्रजीत) मांडली तर तिथेच म्हणा, “हो, हे मगाशी यानेच सुचवलं होतं.” आणि पुन्हा कुणी हसलं तर तुम्ही हसू नका. नुसतं बघायचं त्याच्याकडे आणि “हं, पुढे?” एवढ्यावर न्यायचं. काम होतं.

प्रश्न : कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत माझं मशिन शॉप आहे, तीसेक कामगार. एक आयटीआय झालेला मुलगा आलाय, ऐकू येत नाही आणि बोलता येत नाही. हात चांगला आहे, ट्रायलला जॉब (मशिनवर बनवायचा भाग) एकदम मापात काढला. सुपरवायझर म्हणतो नको, अपघात झाला तर आपल्या गळ्यात. मला घ्यावं वाटतंय. काय करू?
— एक उद्योजक

उत्तर : घ्या की. जॉब मापात आहे म्हणताय ना.

सुपरवायझरची भीती मी उडवून लावणार नाही, शॉप फ्लोअरवर ती खरी असते, पण एक सांगा, मशिन चालू असताना तुमच्याकडे बाकीच्यांना तरी काय ऐकू येतं? कॉम्प्रेसर, ग्राइंडर, त्यात कुणीतरी मोबाइलवर गाणी लावलेली. नुसत्या आवाजावर सेफ्टी चालत असेल तर ती सगळ्यांनाच कमी पडतेय. सायरनबरोबर फ्लॅशर बसवा, मशिनवर टॉवर लॅम्प (चालू-बंद, बिघाड रंगाने दाखवणारा दिवा) नसेल तर लावा, फोर्कलिफ्टला पुढे जमिनीवर निळा ठिपका पाडणारा दिवा मिळतो तो लावा, आंधळ्या वळणावर गोल आरसा. त्याचं मशिन असं ठेवा की येणारा माणूस त्याला समोरून दिसेल, पाठीमागून येऊन खांद्यावर थाप मारायची नाही हे सगळ्यांना बजावा. आग लागली किंवा बाहेर पळायची वेळ आली तर त्याला इशारा कोण करणार ते प्रत्येक शिफ्टला एका माणसाच्या नावाने ठरलेलं हवं. शिफ्ट बदलताना तोंडी निरोप बंद, बोर्डवर लिहायचं. याचा फायदा बिहार, ओडिशाहून आलेल्या तुमच्या पोरांना पण होईल बघा, फक्त मराठीच्या जोडीला हिंदीतही लिहा.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, आणि समान संधीचं लेखी धोरण खासगी आस्थापनांनाही करावं लागतं. २०१७ च्या नियमांप्रमाणे २० किंवा जास्त माणसं असतील तर त्या धोरणात कोणत्या जागा दिव्यांगांना चालतील, सोयी काय देणार, हे सगळं यावं लागतं आणि एक संपर्क अधिकारी पण नेमावा लागतो. तुम्ही तीस म्हणताय, म्हणजे तुम्हाला लागू आहे. तुमच्याकडे हा कागद आहे का ते आधी बघा.

भाषेचं पण होतं. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने १०,००० शब्दांचा व्हिडिओ कोश काढलाय, मोबाइलवर बघता येतो. मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग संस्था याच विषयातली आहे. पण खरं शिक्षण तो मुलगाच देईल, रोज जेवायच्या सुट्टीत एक खूण. थांब, गरम, चूक, परत कर, छान, एवढ्यावर महिना निघतो.

आणि एक, पहिल्याच दिवशी त्याला ‘ए मुक्या’ अशी हाक पडणार, लिहून ठेवा. त्याला नाव आहे, ते वापरायचं, हे तुम्ही मालक म्हणून सांगायचं. सुपरवायझरवर सोडू नका.

प्रश्न : बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तर माझे मोठे क्लायंट दुसऱ्याकडे दिलेले. बॉस प्रेमानेच म्हणाले, आता बाळ लहान आहे, तुला धावपळ नको. अ‍ॅप्रेझलला मात्र रेटिंग कमी, कारण ‘सहा महिने नव्हतीस’. भांडू का?
— नाशिक

उत्तर : भांडण नको, मेल करा. प्रेमाने झालं म्हणून नुकसान कमी होत नाही. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तशीच आहे. अशा रजेमुळे नोकरीच्या अटी बाईच्या तोट्याच्या करता येत नाहीत हेही कायद्यातच आहे. मेलमधे हे कलम लगेच आपटू नका. लिहा की माझी धावपळ किती हे मी ठरवेन, मला माझे अमुक अमुक क्लायंट परत हवेत, कोणत्या तारखेपासून ते कळवा, आणि रेटिंग मी जितके महिने कामावर होते तितक्याच महिन्यांच्या टार्गेटवर काढा. तोंडी उत्तर आलं तर “आपलं असं बोलणं झालं” असा दोन ओळींचा मेल लगेच टाकायचा. आणि कंपनीत ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते, तेही विचारून घ्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या कमिटीत मी नवीन आहे, सेक्रेटरी म्हणून. एका मेंबरने फ्लॅट एका मुस्लिम जोडप्याला भाड्याने द्यायचं ठरवलं, दोघंही डॉक्टर. चेअरमन म्हणतात एनओसी (ना-हरकत पत्र) देऊ नका, आपली फॅमिली सोसायटी आहे. याआधी एकट्या मुलींनाही असंच टाळलंय म्हणे. मला हे पटत नाही पण सगळे वयाने मोठे आहेत.
— ठाणे

उत्तर : जोडपं आहे, म्हणजे फॅमिलीच की ती.

तुमचं काम सोपं आहे कारण मुळात ती एनओसी लागतच नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या कामाचे नमुना नियम) मेंबरने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला फक्त आधी कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. करार नोंदवायचा, त्याची प्रत आणि पोलिसांना दिलेली माहिती सोसायटीत द्यायची, आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीने ना-वापर शुल्क घ्यायचं ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या आत. तुमच्या सोसायटीने हेच उपविधी घेतलेत का ते कपाटातली फाइल काढून बघा, बहुतेक असतीलच.

चेअरमन कदाचित २००५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल काढतील. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीने सदस्यत्व फक्त पारशांना ठेवलं होतं ते कोर्टाने चालू दिलं, खरंय. पण तो लिहिलेला, रजिस्टर झालेला उपविधी होता आणि विषय सदस्यत्वाचा होता. तुमच्याकडे असलं काही लिहिलेलं नाहीये. आणि लिहायला सांगितलं तर कोण सही करेल? हेच विचारा मीटिंगमधे, शांतपणे, “काका, नकाराचं कारण काय म्हणून मिनिट्समधे लिहू?” बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

सप्टेंबर २०२३ मधे मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली तेव्हा आपण सगळे किती खवळलो होतो, तुमचे चेअरमनही खवळले असतील. १९१७ मधे बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना, पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत राहिले तर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. शिक्षण, हुद्दा काही कामाला आलं नाही. तुमच्या त्या दोन डॉक्टरांनाही त्यांचं डॉक्टर असणं कामाला येत नाहीये, आणि खरं सांगायचं तर यायलाही नको, ते रिक्षा चालवत असते तरी घर त्यांना मिळायलाच हवं होतं.

मेंबरला आजच लेखी कळवा की सूचना मिळाली, कागद जोडा, परवानगीचा प्रश्न येत नाही. सेक्रेटरी म्हणून ते पत्र तुमच्याच सहीने जातं, कमिटी बसायची वाट बघायची गरज नाही. चेअरमनना त्याची प्रत द्या, पाठीमागून केलं असं वाटायला नको. वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या ब्रोकरला आजवर काय काय सांगून ठेवलंय तेही विचारा, कारण असल्या याद्या कागदावर कधीच नसतात, त्यांच्याच तोंडी असतात. आणि सप्टेंबरअखेर एजीएम (वार्षिक सभा) घ्यावीच लागते, तिथे ‘भाडेकरूंसाठी लागणारी कागदपत्रं’ असा साधा विषय अजेंड्यावर घ्या आणि तीन ओळींची यादी मंजूर करून नोटीस बोर्डवर लावून टाका.